टिपणे : बंदूक, होडी आणि हतनूरचे पाणी

मराठीत 'टिपणे' हे क्रियापद बरीच कामे करते. पाखरू दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो आणि अभ्यासक वाचता वाचता टिपणे काढतो. पाणपक्ष्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास पाहू लागले, की अर्थांची ही जवळीक निव्वळ योगायोग वाटेनाशी होते. माणसाच्या हातातले साधन बदलले; पक्ष्याच्या दिशेने सरकण्याची रीत मात्र बरीचशी तीच राहिली. हा प्रवास प्रस्तुत लेखात खानदेशाच्या निमित्ताने पाहायचा आहे.

प्रथम होडीविषयी. पाणपक्षी टिपण्यासाठी आज अनेक छायाचित्रकार कयाक पसंत करतात. ही एकट्याने वल्हवायची अरुंद, हलकी होडी असते. ती वीतभर पाण्यातही तरंगते, तिला इंजिनाचा आवाज नसतो, आणि बसणारा पाण्याच्या पातळीलगत असल्यामुळे उभ्या माणसाची पक्ष्याला भिववणारी आकृती दिसत नाही. कॅमेऱ्याची भिंगही पक्ष्याच्या डोळ्यांच्या रेषेत येते. काठावरून घेतलेल्या चित्रात आपण बदकाकडे वरून पाहतो. कयाकमधून घेतलेल्या चित्रात त्याच्या समोर असतो. परंतु हे सारे गुण मुळात छायाचित्रणासाठी घडलेले नाहीत. कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बांधत, आणि तिच्यातून सीलपर्यंत नि:शब्द पोचत. जी नीरवता आज आपल्याला निसर्गप्रेमाची खूण वाटते, ती जन्माने शिकाऱ्याची नीरवता आहे.

हा वारसा एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील जॉर्ज शिरास याने लहानपणी ओजिब्वे लोकांची एक शिकारपद्धत आत्मसात केली होती. रात्री होडीच्या नाळेवर जाळ पेटवायचा, काठावरचे हरीण प्रकाशाकडे टक लावून स्तब्ध उभे राहिले की नेम धरायचा. पुढे शिरासने होडी तीच ठेवली, रात्र तीच ठेवली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि झगझगाटी प्रकाशाची भुकटी आणली. १९०६ साली 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्याची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. हाच शिरास काही काळ अमेरिकी संसदेचा सदस्य होता, आणि स्थलांतरित पक्ष्यांना देशव्यापी संरक्षण देणारे विधेयक त्याने १९०४ मध्ये मांडले. तिथल्या पुढच्या कायद्यांचे मूळ त्या प्रयत्नात सापडते. मात्र याच शिरासने असाही प्रयोग केला, की पहिल्या झगझगाटाने बिथरलेली हरणे उधळताना दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपायची. म्हणजे प्राणी वाचला, पण त्याची भीती चित्राचा विषय झाली. ही दुहेरी बाजू ध्यानात ठेवून आपण तापीकाठी येऊ.

खानदेशातील पक्ष्यांची सविस्तर लेखी नोंद आरंभी बंदुकीच्या साहाय्याने झाली. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या नियतकालिकाचा संपादक ॲलन ह्यूम. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच. त्या काळी पक्षी 'पाहिला' याला पुरावा मानत नसत. पक्षी मारून, पेंढा भरून, चिठ्ठी बांधून ठेवला की नोंद पक्की होई. या पद्धतीला केवळ क्रौर्य म्हणून मोकळे होता येणार नाही. तिच्यामुळेच दीडशे वर्षांपूर्वी इथे काय होते, हे आज सांगता येते.

परंतु मेलेला पक्षी खोटेही बोलू शकतो. रानपिंगळ्याची कथा या संदर्भात बोलकी आहे. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेल्या रानपिंगळ्यांपैकी एक नमुना रिचर्ड माइनर्टझहागेनने लंडनच्या संग्रहालयातून चोरला, तो नव्याने भरला, आणि १९१४ साली गुजरातेत आपणच मिळवला असे दाखवले. पॅमेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली, खोटी नोंद बाजूला सारली आणि खऱ्या जुन्या ठिकाणांकडे शोध वळवला. १८८४ नंतर विश्वासार्ह नोंद नसलेला हा पक्षी २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. या वेळी पुरावा म्हणून पक्षी मारावा लागला नाही. त्याचे चित्रण झाले, आणि तो आपल्या फांदीवरच राहिला. रानपिंगळा पाणपक्षी नव्हे. पण खानदेशाच्या पक्षी-इतिहासात 'टिपणे' या शब्दाचा अर्थ कसा बदलला, हे त्याच्याइतके दुसरे कोणी सांगत नाही.

आता पाण्याकडे वळू. डेव्हिडसनच्या खानदेशात हतनूरचे पाणीच नव्हते. खानदेशात तापी उंच दरडींमधून खोल वाहते. शेताला पाणी मिळे ते विहिरींचे, किंवा पांझरेसारख्या नदीवरच्या फड पद्धतीच्या बंधाऱ्यांचे. भुसावळ तालुक्यातील हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या ४१ दरवाजांनी वाहत्या नदीचे रुंद, संथ पाणी केले, आणि तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवापर्यंत त्याचा फुगवटा पोचला. पाणी अडवले ते शेती, शहरे, कारखाने आणि दीपनगरचे वीजकेंद्र यांच्यासाठी, पक्ष्यांसाठी नव्हे. नदीने आणलेला गाळ अभियंत्याची डोकेदुखी ठरला, पण त्याच गाळाच्या उथळ पट्ट्यांवर चिखलपायट्या पक्ष्यांचे ताट मांडले गेले. हिवाळ्यात इथे चक्रवाक येतात, तलवार बदके आणि थापट्ये येतात. कपाळावर पांढरा टिळा मिरवणाऱ्या काळ्या पक्ष्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात. मुक्ताई आणि चांगदेव यांच्या परिसरात त्यांचे थवे पाहताना हे नाव विशेष अर्थपूर्ण वाटते.

तेव्हा हतनूरच्या पाण्यावर 'रानटी' पक्ष्याचे छायाचित्र घेताना त्या चौकटीत माणसाचा इतिहास आधीच आलेला असतो. धरण म्हटले की कोणाची तरी जमीन पाण्याखाली जाते. चित्रात ती दिसत नाही. पण बदक ज्या निळाईवर तरंगते, तिच्या तळाशी ती असते. या पाण्यावर पहिला वावर जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांचा. त्यांच्या होडीला पक्षी सरावतात, कारण ती रोज येते, आपल्या वाटेने जाते आणि पक्ष्यांकडे वळत नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण परिसरात मच्छीमारच छायाचित्रकारांना रोहित दाखवायला नेतात, त्यातून त्यांना उत्पन्नही मिळते. पण तीच होडी जेव्हा थव्याच्या रोखाने निघते, तेव्हा पक्ष्याच्या दृष्टीने ती वेगळी होडी असते.

इथे कयाकचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आवाज नसलेली होडी पक्ष्याचा विश्वास मिळवते, की त्याची सावधगिरी चुकवते? याचे उत्तर साधनात नाही, अंतरात आहे. जाणकार छायाचित्रकार थव्याकडे सरळ जात नाही. तिरका सरकतो, वल्हे थांबवतो, वाऱ्याने होडी जाईल तेवढी जाऊ देतो. चरणाऱ्या पक्ष्यांनी खाणे सोडून माना उंचावल्या, की तो थांबतो किंवा मागे फिरतो. कारण त्यापुढच्या क्षणी वारकरी पाण्यावर धावू लागतील आणि सारा थवा उठेल. उडणाऱ्या थव्याचे चित्र देखणे येते, यात शंका नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात. प्रत्येक अकारण उड्डाण त्या शिदोरीतून खर्च होते. शिरासच्या उधळलेल्या हरणांप्रमाणे इथेही भीतीच विषय बनते, आणि पाहणाऱ्याला ती सौंदर्य वाटते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. वर्णन करणारा लेखकही आपल्या विषयाकडे अशाच होडीतून सरकत असतो, आणि किती जवळ गेल्यावर विषय विषय राहत नाही, हे त्यालाही ठरवावे लागते. बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे झालेली वाटचाल ही निश्चितच प्रगती आहे. रानपिंगळा तिची साक्ष देतो. परंतु ही प्रगती हातातल्या यंत्रामुळे आपोआप होत नाही. चित्र घेऊन होडी परतल्यावर पक्षी तिथेच चरत राहिला असेल, तर आपण त्याला टिपले. तो उडून गेला असेल, तर 'टिपणे' या शब्दाचा जुना अर्थ अजून पुरता मागे पडलेला नाही.