चोथ्याचा इतिहास

मंडळी, आपल्या लहानपणी घरात मोसंब्याचा रस निघाला की शेजारी विचारायचे, "कोण आजारी आहे?" रस हा पेशंटचा, नाहीतर उपास सोडणाऱ्याचा. २६ सप्टेंबर १९३२ ला येरवडा तुरुंगात, पुणे करारानंतर, गांधीजींनी उपोषण सोडलं ते कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटाला एकदम जेवण जड, म्हणून रस. बरं वाटलं की माणूस परत भाकरी-कोशिंबिरीवर.

मग इथे वॉनमध्ये हाच रस आपल्या फ्रिजमध्ये रोजचा कसा झाला? त्याचा माग कॅनडाच्या सरकारी कागदांत लागतो. जुलै १९४२ मध्ये, ऐन युद्धात, 'ऑफिशियल फूड रूल्स' निघाले. रोज टोमॅटो किंवा संत्र्याच्या जातीचं फळ खा, किंवा त्यांचा रस घ्या, असं त्यात होतं. बर्फाच्या देशात, रेशनिंगच्या दिवसांत, डब्यातला टोमॅटोचा रस व्हिटॅमिन सी साठी सोयीचाच होता, त्यामुळे या 'किंवा'ला मी नावं ठेवणार नाही. पण युद्ध संपलं तरी 'किंवा' राहिला! २००७ च्या फूड गाइडमध्येसुद्धा अर्धा कप रस म्हणजे फळ-भाजीचं एक सर्व्हिंग. रसापेक्षा फळंच जास्त वेळा खा, अशी सूचनाही होती, पण सूचना वाचतो कोण? मधल्या काळात, १९९० च्या सुमारास, जे कॉर्डिच नावाचे गृहस्थ टीव्हीवर 'ज्यूसमन' म्हणून ज्यूसर विकत होते. तसली यंत्रं आज कित्येक बेसमेंटमध्ये धूळ खात असतील.

आता हिशोब बघा. एका संत्र्यात साधारण १२ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम चोथा, म्हणजे फायबर. एक कप रसाला तीनेक संत्री लागतात. त्यात साखर २० ग्रॅमच्या वर, चोथा जेमतेम अर्धा ग्रॅम. तीन संत्री सोलून खाता खाता पोट भरतं, रस अर्ध्या मिनिटात संपतो. साखर रक्तात सावकाश जाऊ देणारा चोथा मात्र कचऱ्यात. आमच्या आयटीच्या भाषेत, फाइल कॉम्प्रेस करताना कामाचा डेटाच उडाला.

२२ जानेवारी २०१९ ला आलेल्या नव्या गाइडने शेवटी तो 'किंवा' काढला. प्यायला पाणी, फळांचा रस साखरेच्या पेयांत गेला. (आमरसाचं विचारू नका, तो वर्षातून चार दिवस!)

आपल्या कार्यक्रमांत मुलांना अजून ज्यूस बॉक्सच वाटले जातात. दिवाळीच्या सुमारास इथे मँडरिनच्या पेट्या येतात. त्या आणू या. सोलायला पोरांनाही जमतात.