मुकादमापासून मॅनेजरपर्यंत

‘मुकादम’ हा शब्द आपल्या ज्ञातिबांधवांस दोन प्रकारे ठाऊक आहे. एक सिनेगॉगचा मुकादम, ज्याच्या शब्दाला मान असे. दुसरा कामावरचा, ज्याच्या शब्दाची धास्ती असे. मुंबईच्या गिरण्यांत या दुसऱ्यास जॉबर म्हणत. माणूस घेणे, बदली देणे, काढून टाकणे सारे त्याच्या हाती, आणि दस्तुरी न देता नोकरी टिकणे कठीण. कापड खराब निघाले तर ते विणकराच्या गळ्यात मारून त्याचे दाम पगारातून कापण्याचा रिवाज होता. व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारावर ठपका ठेवला, आणि १९३५ पासून गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची नोंद ठेवण्यास आरंभ केला.

त्याच दशकात, १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेस गेलेले यहुदी मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांनी दोन सहकाऱ्यांसह लहान मुलांच्या छंदमंडळांवर प्रयोग केले. ते १९३९ साली प्रसिद्ध झाले. काही मंडळांचा नायक हुकूम सोडणारा, काहींचा सर्वांना विचारून चालणारा, तर काहींचा मुलांना मोकळे सोडणारा होता. हुकमी नायक खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबत. विचारून चालणाऱ्याच्या मंडळात काम पुढे चालू राही. गिरणीत राबलेल्यास हे सांगायला प्रयोग कशाला हवा होता, हा भाग वेगळा!

आता सिंगापूरकडे वळू. तेथील विमानतळानजीक १९९७ साली चांगी बिझनेस पार्क सुरू झाले. बँकांची हिशेब व संगणकाची कामे तेथे चालतात, आणि त्यांत आपल्या देशातून गेलेली माणसे पुष्कळ. डीबीएस या बँकेचे मोठे कार्यालयही तेथेच आहे. पीयूष गुप्ता २००९ साली या बँकेचे प्रमुख झाले, तेव्हा तिच्या संथपणाची गावभर थट्टा होई. त्यांच्या कारकिर्दीत बँकेने सभांची रीत बदलली. प्रत्येक सभेला एक ‘मीटिंग ओनर’ असे. सर्वांना बोलू देणे हे त्याचे काम. दुसरा ‘जॉयफुल ऑब्झर्व्हर’. सभा कशी चालली हे त्याने शेवटी स्पष्ट सांगायचे, समोर साहेब का असेना. दोन्ही मिळून नाव पडले ‘मोजो’.

परंतु खरी कसोटी २०२३ साली लागली. बँकेची सेवा वारंवार कोलमडली. १४ ऑक्टोबरला भाड्याच्या डेटा सेंटरमधील थंडाव्याची यंत्रणा बिघडली आणि डीबीएस व सिटी या दोन बँकांचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार अडले. मध्यवर्ती बँकेने डीबीएसला सहा महिने नवे व्यवसाय घेण्यास मनाई केली. तेव्हा बँकेने गुप्तांच्या पगाराच्या बदलत्या भागातून ३० टक्के, म्हणजे ४१ लाख सिंगापूर डॉलर कापले. वरिष्ठ व्यवस्थापन समितीच्या इतर सभासदांचेही २१ टक्के गेले. कापूनही गुप्तांच्या पदरी त्या वर्षी १ कोटी १२ लाख डॉलर उरले, तेव्हा फार हळहळण्याचे कारण नाही. मात्र या वेळी कात्री विणकराकडून नव्हे, वरून लागली. मार्च २०२५ मध्ये गुप्ता निवृत्त झाले व त्यांच्या जागी तान सू शान या बाई आल्या.