बाळापूरचा किल्ला आणि लोकोपयोग

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्यभागी, उंचवट्यावर उभा असलेला बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा पुत्र मिर्झा आझमशहा याने आरंभिला व एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली पुरा केला. त्याचे विटांचे उंच तट व बुरूज पाहिले, म्हणजे त्या काळच्या वऱ्हाडी गवंड्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. एकात एक असे तीन दरवाजे ओलांडून आत जावे लागते. तटाखाली दक्षिणेस, जिच्यावरून गावाला नाव पडले, त्या बाळादेवीचे देऊळ आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर अशा किल्ल्यांचे लष्करी प्रयोजन संपले. अकोल्याच्या असदगडाचा तट तर पाडूनच टाकण्यात आला. मधली हवाखाना नावाची इमारत तेवढी राहिली, कारण तेथे शाळा भरू लागली. बाळापूरच्या किल्ल्यात मात्र तहसील कचेरी आली, आणि ज्या दरवाजांतून पूर्वी शिपाई जात, त्यांतून कुळे, पाटील आणि अर्जदार आपापली कामे घेऊन ये-जा करू लागले. माणसांची ही वर्दळ हीच त्या वास्तूची खरी राखण होती, असे मला वाटते. रोज उघडणाऱ्या दारापाशी ढासळलेली वीट कोणाच्या तरी नजरेस येते, बंद दारामागे पिंपळाचे मूळ तट फोडीपर्यंत कळत नाही.

जुनी वास्तू दुरुस्त करून वापरात ठेवण्याची अशी रीत परदेशातही आहे. इंग्लंडात १९६९ पासून एक न्यास ओस पडलेली जुनी चर्चे दुरुस्त करून सांभाळीत आहे, व त्यांतील कित्येकांत गावाच्या बैठकी व मैफली भरतात. आपल्याकडेही अशी दुरुस्ती अपूर्व नाही: मिर्झाराजे जयसिंगाची बाळापुरातील छत्री नदीच्या पुराने पायाशी खचली असता सरकारने तिचा पाया सावरला, म्हणूनच ती आज उभी दिसते.

जीर्णोद्धार मात्र जाणत्याने करावा. जुन्या विटेवर सिमेंटचा लेप चढविला, की ओल आत कोंडते आणि वीट भुगा होऊन गळते. तेथे चुना आणि सुरखीच हवी. बाळापूरकरांनी तट असा दुरुस्त करून घेण्याचा आग्रह सरकारकडे धरावा, आणि आतल्या दालनांत एखादे वाचनालय व गावच्या जुन्या कागद-उद्योगाचे छोटे प्रदर्शन मांडण्याची परवानगीही त्याच अर्जात मागावी.