माजघरातील वल्हांडण

पवित्र गुरुवारच्या मिस्सेचे पहिले वाचन निर्गमच्या बाराव्या अध्यायातून घेतलेले असते. कोकरू, दारावरील रक्त, बेखमीर भाकर आणि कंबर बांधून घाईने उरकलेले भोजन, हे सारे चौदाव्या वचनापर्यंत आपल्या कानी पडते आणि वाचन थांबते. त्याच अध्यायातील २६ वे वचन मात्र त्या दिवशी वाचले जात नाही. मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना तो सांगावा, अशी आज्ञा तेथे आहे. म्हणजे वल्हांडणाचे पहिले मंदिर घर होते, आणि त्याचा प्रारंभ मुलाच्या प्रश्नाने होणार होता.

या आज्ञेचा एक इतिहास आपल्या मराठी मुलखातच घडला आहे. कोकणच्या किनारपट्टीवर, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शब्बाथ पाळीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. गावांवरून ते किहीमकर, रोहेकर, पेणकर झाले. धर्मग्रंथ हरपले, हिब्रू विसरली. परंतु ‘शमा’ प्रार्थनेचे शब्द ओठांवर राहिले.

वल्हांडणही राहिला, पण निराळ्या नावाने. त्याला ते ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट रसाचे भांडे आठ दिवस झाकून ठेवावयाचे, एवढीच त्याची खूण. हायम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा जो इतिहास लिहिला व जो १९३७ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे जुने सण नोंदलेले आहेत. आंबलेले वर्ज्य करण्याचा मोशेचा नियम त्या झाकणाखाली जिवंत होता. भांडे झाकणारे हात होते. ते का झाकावयाचे, हे सांगणारी पोथी मात्र घरात नव्हती.

पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी या समाजाला विधी व प्रार्थना शिकविल्या. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सभास्थान उभारले. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. १८४६ साली मुंबईत ‘हगादा’, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरी वाचावयाची पोथी, मराठी अर्थासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. तिच्यात साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. मिसर देशातून झालेली सुटका अशी मराठी माजघरात येऊन बसली.

या रात्रीची सिद्धता घरभर चालते. भिंतींना चुना लागे, तांब्याच्या भांड्यांना कल्हई होई. खजुराचा गोड पाक, कडू भाजी, मनुकांचे सरबत पानाशी येते. मग घरातील सर्वांत धाकटे मूल विचारते : ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? थोरांनी त्याला उत्तर द्यावयाचे असते. बेखमीर भाकरीचा तुकडा लपवून मुलांना तो शोधावयास लावतात. कथा संपेपर्यंत त्यांनी जागे राहावे, हा त्यामागील हेतू. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, तरी त्यांतील अनेकांच्या घरी मराठी टिकून राहिली.

भंडाऱ्यासारख्या तांदळाच्या आणि पितळी भांड्यांच्या जिल्ह्यात, जेथे ख्रिस्ती घरे थोडी व विखुरलेली, तेथे या इतिहासाचे मोल अधिक आहे. यहुदी बांधवांचा विधी आपण उसना घ्यावा, असे आम्ही सुचवीत नाही. तो त्यांचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात यहुदी लोकांशी असलेल्या आपल्या आध्यात्मिक नात्याचे स्मरण ख्रिस्तसभेला करून दिले. त्या आदराने त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र शिकता येईल. पवित्र गुरुवारी मिस्सेहून परतल्यावर, तांदळाच्या भाकरीसमोर बसलेल्या लहानग्याला विचारू द्यावे : आज धर्मगुरूंनी पाय का धुतले? येशूने भाकर का मोडली? उत्तर आईबापांनी स्वतः द्यावे. झाकण पिढ्यान् पिढ्या टिकते, हे कोकणातील त्या भांड्याने दाखविले आहे. त्याखालचा अर्थ टिकावयाचा, तर तो घरात कोणीतरी सांगावा लागतो.