डायलिसिस थांबवणे : नैतिक निर्णय

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णाचे यंत्राद्वारे होणारे रक्तशुद्धीकरण (अपोहन) बंद करण्याचा निर्णय. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. ते थांबल्यावर, लघवी जवळजवळ होत नसेल तर, मृत्यू बहुधा आठवडा-दहा दिवसांत येतो. धाप, मळमळ, खाज यांवरील उपशामक उपचार मात्र चालूच ठेवावे लागतात.

शुद्धीवर असलेला, समजूतदार प्रौढ रुग्ण उपचार नाकारू शकतो. तो बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा ‘कॉमन कॉज’ निकाल आणि 2023 मध्ये सुलभ केलेली कार्यपद्धती लागू होते : रुग्णालयातील प्राथमिक व दुय्यम वैद्यकीय मंडळांचे मत आणि नातलगांची संमती. आगाऊ लिहिलेले इच्छापत्र नोटरीपुढेही साक्षांकित करता येते.

खरी मेख वेगळीच आहे. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांमुळे डायलिसिसच्या फेऱ्या सोडणाऱ्याला ‘स्वेच्छेने’ थांबला म्हणणे कठीण.

खरोखर स्वेच्छेने थांबण्याचा दाखला वेगळा. वर्धा जिल्ह्यातील सावंगी (मेघे) येथील रुग्णालय आचार्य विनोबा भावे यांच्या नावाने आहे. त्याच जिल्ह्यात, पवनारला, विनोबांनी अन्न आणि औषध नाकारून 15 नोव्हेंबर 1982 रोजी देह ठेवला.