सारणाची वाट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची भाची पुण्याहून मलकापूरला आली, ती हातात एक नकाशा घेऊनच. ब्रुसेल्स शहरातल्या चॉकलेटच्या दुकानांतून वाटाड्यावाचून आपले आपण पायी कसे हिंडावे, याचा तो नकाशा. तिच्या वडिलांची नोकरी तिकडे लागली होती; पोरीला मात्र जायचे नव्हते. "मामा, आपल्याकडे आहे का असे काही?" तिने विचारले. आता बुलढाणा जिल्ह्यात चॉकलेटच्या पेढ्या कुठून आणाव्यात! कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळते, आणि आमचा वैशाख बेचाळिसाच्याही वर जातो.

पण नकाशा वाचता वाचता एका दुकानापाशी मी थबकलो. नॉयहाउस नावाच्या स्विस गृहस्थाने ब्रुसेल्सला येऊन १८५७ साली औषधांचे दुकान थाटले. कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून तो त्यावर चॉकलेटचा लेप देई. १९१२ साली त्याच्या नातवाने लेप तेवढा ठेवला, औषध काढून टाकले आणि आत गोड सारण भरले. तेच पुढे जगप्रसिद्ध झालेले प्रालीन! कागदाच्या पुड्यात ते चिरडू लागले, तेव्हा १९१५ साली नातसुनेने त्यासाठी पुठ्ठ्याची पेटी काढली. (पोटात सारण भरण्याची युक्ती करंज्या करणाऱ्या आपल्या गृहिणींना कोणी शिकवायला नको, हा भाग वेगळा.)

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन मी शेगावची गाडी पकडली.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला, तो शेगाववरून. १९१० साली गजानन महाराजांनी तेथे समाधी घेतली, आणि यात्रेकरूंची रीघ वाढत गेली. फाळणीत पंजाब दुभंगला, माणसे घरेदारे टाकून निघाली. त्यांतलेच तीरथराम शर्मा शेगावी आले आणि १९५० च्या सुमारास त्यांनी स्टेशनावर कचोरी विकायला आरंभ केला. घर, शेत, गाव यांतले काही बरोबर आणता येत नाही. हाताची कसब तेवढी येते. आज शेगावचे नाव काढले की महाराजांच्या पाठोपाठ कचोरीच आठवते, आणि ती परगावची आहे असे कुणाच्या मनातही येत नाही.

आम्ही कचोरी घेतली. चपटी, खुसखुशीत, आत डाळीचे तिखट सारण, सोबत तळलेली मिरची. पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दोघेही बाहेरून आलेले."

"दोघेही."

तिने आणखी चार बांधून घ्यायला लावल्या. परतीच्या गाडीत जलंब गेल्यावर हळूच विचारले, "मामा, ब्रुसेल्सपर्यंत टिकतील का हो या?"

"दोन दिवस टिकतात," मी म्हणालो. "पण तू नांदुऱ्यापर्यंतही ठेवशील, असे वाटत नाही."