उधारीची चांदी आणि चार धातूंचा रुपया

आजची गोष्ट एका रुपयाची आहे. अगदी खरोखर, एका रुपयाच्या नाण्याची. आणि त्या नाण्यातून चांदी परत काढावी लागली, त्याची.

आधी एक शब्द. तोळा. आज आपण दहा ग्रॅमला सर्रास तोळा म्हणतो, पण मूळ तोळा म्हणजे एक रुपयाभार, ११.६६ ग्रॅम. जुना रुपया तेवढ्याच वजनाचा असायचा, आणि त्यात जवळपास ९२ टक्के चांदी असायची. म्हणजे राणीछाप रुपया हातात असला, की १०.७ ग्रॅम चांदी हातात असायची. सरकार राहो की जावो, चांदी आपल्याजवळ!

लोकांना हे नीट माहीत होतं. म्हणून १९४० च्या जूनमध्ये, महायुद्धात फ्रान्स पडल्याची बातमी आली तशी नोटा देऊन नाणी मागणाऱ्यांची झुंबड उडाली. रुपये घरोघर दडायला लागले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आणली आणि नाण्यातली चांदी कमी केली.

नवा रुपया वजनाला तेवढाच, पण आत चार धातू: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही हे रुपये पडले. १९४१ ते १९४३ या काळात जुने, जास्त चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले.

तरी चांदी पुरेना. युद्धाचा खर्च, भडकलेली महागाई, नाण्यांची टंचाई. मग १९४४ मध्ये अमेरिकेने लेंड-लीज करारातून भारताला चांदी दिली, सुमारे २२.६ कोटी औंस. आपल्या मापात साधारण सात हजार टन. पण अट साधी आणि कडक होती: ही चांदी उसनी आहे. पैसे नकोत, जितके औंस नेले तितके औंस परत. पुढे फाळणी झाली, तेव्हा या देण्याचेही भारत आणि पाकिस्तान असे दोन वाटे पडले. परतफेडीची मुदत होती एप्रिल १९५७.

आता नव्या स्वतंत्र देशाने एवढी चांदी आणायची कुठून? बाजारातून विकत घ्यायची, तर परकीय चलन लागणार. पण एक खाण घरातच होती. १९४७ साली निकेलचा रुपया आला आणि ते चार धातूंचे रुपये परत यायला लागले. एका नाण्यात ५.८३ ग्रॅम चांदी. हिशेब करून बघा: सोळा रुपयांत बरोबर तीन औंस.

फक्त अडचण अशी, की चांदी त्यात होती, पण सुटी नव्हती. चहात विरघळलेली साखर चिमट्याने काढता येते का? तसंच हे. चांदी गाळायची जुनी रीत म्हणजे शिसं घालून भट्टीत तापवायचं, हीण जळून शिशाबरोबर निघून जातं. थोडं हीण असेल तर ही रीत झकास. पण इथे नाण्याचं निम्मं वजनच हीण! शिसं भरमसाट लागणार आणि तांबं वाया जाणार.

इथे विजेचं काम सुरू होतं. या परतफेडीसाठी कलकत्त्यात खास सिल्व्हर रिफायनरी उभी राहिली. अशा मिश्रधातूतून वीज धातू कसे वेगळे करते, त्यामागचं तत्त्व सांगतो.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरायला जस्त सगळ्यात उतावळं, मग निकेल, मग तांबं. चांदी सगळ्यात हट्टी. मिश्रधातूची पाटी ओतायची, ती मोरचूद आणि गंधकाम्लाच्या द्रावणात टांगायची, समोर दुसरी पाटी, आणि वीज सोडायची. जस्त, निकेल, तांबं विरघळतात. त्यातलं तांबं समोरच्या पाटीवर जाऊन बसतं, जस्त आणि निकेल द्रावणातच राहतात. चांदी विरघळतच नाही, गाळ होऊन मागे उरते. तो गाळ वितळवून पुन्हा पाटी करायची आणि या वेळी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात टांगायची. आता चांदी विरघळते आणि पलीकडे शुद्ध स्फटिक होऊन जमते.

वीज किती लागते? फॅरडेचा नियम सांगतो: एक अँपिअर-तासाला चांदी जमते ४ ग्रॅम, तांबं जेमतेम १.२ ग्रॅम. म्हणजे एका रुपयातल्या चांदीला लागतात दीड अँपिअर-तास, आणि तांब्याला जवळपास चार! तुमच्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची असेल, तर ती आहे पाच अँपिअर-तासांची. एका रुपयातलं तांबं आणि चांदी वेगळी करायला एका पूर्ण चार्जिंगपेक्षा थोडी जास्तच वीज. आणि परतफेडीला अशी नाणी लागणार होती कोटींच्या संख्येत.

भारताने आपला वाटा १९५० च्या दशकात चांदीच्याच रूपात अमेरिकेला परत केला.

मला या गोष्टीत रासायनिक गंमत आवडते, पण टोचतं ते वेगळंच. सामान्य माणसाच्या रुपयात आधी १०.७ ग्रॅम चांदी होती, मग ५.८३ ग्रॅम, मग शून्य. नाण्यावर तिन्ही वेळा लिहिलेलं एकच: एक रुपया. युद्धाचं बिल असं गुपचूप, खिशातल्या खिशात वसूल झालं. आणि चांदी वाचवायला केलेली भेसळ पुढे तीच चांदी सोडवताना महागात पडली. धातू मिसळायला एक भट्टी पुरते, वेगळे करायला अख्खा कारखाना लागतो. आज फोनच्या सर्किटमधलं तांबं, निकेल, चांदी, सोनं वेगळं काढणाऱ्यांसमोरही तोच प्रश्न आहे.

घरी आजीच्या डब्यात १९४० ते १९४५ चा रुपया सापडला, तर त्याची कड बघा. मधोमध खोबणी आणि तिच्यात नक्षी असेल, तर तो हाच, चार धातूंचा. कलकत्त्याच्या भट्टीतून निसटलेला. आणि हो, यूट्यूब बघून घरी अॅसिडचे प्रयोग करू नका, तो धूर फुप्फुसांची वाट लावतो. नाणं तसंच जपून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!